डायनासोरच्या शेणातलं गवत: पिसदुरा ते चाकूर, व्हाया किल्लारी

(एपिसोडचं लेखी रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा एपिसोड शेणावर आहे. हसू नका. हे शेण जवळपास ७ कोटी वर्षं जुनं आहे, त्याचा पार दगड झालाय, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात सापडलं. २००५ साली याच शेणामुळे जगभरच्या पुस्तकांतला गवताचा इतिहास नव्यानं लिहावा लागला.

तोपर्यंत समज असा होता की डायनासोर संपले, मग बऱ्याच काळानं गवत आलं. गवताचे खात्रीचे जुने पुरावे साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे होते आणि डायनासोर गेले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे दोघांची गाठच नाही. डायनासोरचं चित्र काढणाऱ्याला जाणकार सांगायचे, नेचे काढ, सूचिपर्णी झाडं काढ, पण पायाखाली गवत काढू नकोस, चूक होईल.

मग चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावचं शेण सूक्ष्मदर्शकाखाली गेलं आणि आत गवत निघालं.

आधी गवताचं बोलू

गवत म्हटलं की बांधावरची हरळी डोळ्यासमोर येते. पण ज्वारी गवतच आहे. गहू, तांदूळ, बाजरी, मका, ऊस, बांबू हे सगळं एकाच कुळातलं. आपली भाकरी, जनावरांचा कडबा, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, सगळा कारभार गवतावर. गवत कधी आलं हा प्रश्न त्यामुळे आपल्या ताटाचाच आहे.

आता एक अनुभव आठवा. उसाच्या फडात पूर्ण बाह्यांचा शर्ट न घालता शिरलात तर काय होतं? हातावर बारीक बारीक चिरे पडतात. त्याचं कारण पानात असलेली सिलिका. काच जिच्यापासून बनते तीच ही. जमिनीतल्या पाण्यात थोडी सिलिका विरघळलेली असते. झाड ती मुळांवाटे ओढतं आणि पानाच्या पेशींमध्ये तिचे कण साठवतं. पान कुजतं, जनावराच्या पोटात पचतं, जळतं, तरी हे काचेसारखे कण शिल्लक राहतात. शास्त्रज्ञ त्यांना फायटोलिथ म्हणतात, म्हणजे वनस्पतीतला दगड.

गंमत अशी की प्रत्येक गटाच्या वनस्पतीत या कणांचा आकार वेगळा असतो. ताडाचा वेगळा, गवताचा वेगळा, आणि गवतातही भाताच्या गोत्राचा वेगळा. कण ओळखता आला की झाड ओळखता येतं. झाडाचा मागमूस राहिला नसला तरी चालतं.

पिसदुरा कुठंय?

वरोरा बाबा आमटेंच्या आनंदवनामुळे सगळ्यांना माहीत आहे. पिसदुरा याच वरोरा तालुक्यात. इथल्या शेतांत लाल-हिरवट चिकणमातीचा एक जुना थर उघडा पडलाय. नांगराच्या फाळाबरोबर, पावसाच्या पाण्याबरोबर त्यातून दगड वर येतात. काही हाडांचे तुकडे असतात, काही कासवाच्या पाठीचे, आणि काही गोल-लांबट, पिळदार गोळे. ते गोळे म्हणजे दगड झालेलं शेण, शास्त्राच्या भाषेत कोप्रोलाइट.

ज्या थरातून हे येतं त्याचं नाव लमेटा. जबलपूरजवळ नर्मदेच्या काठावर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडलं. जबलपूर, गुजरातचा खेडा-बालासिनोर भाग, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर असा हा थर तुकड्यातुकड्यांनी दिसतो. काळ क्रिटेशियसचा अगदी शेवट, म्हणजे डायनासोरांचे शेवटचे दिवस.

डायनासोरचे जीवाश्म म्हटलं की आपल्याला वाळवंट आठवतं. मंगोलियाचं गोबी वाळवंट, १९२३ साली अमेरिकन मोहिमेला तिथल्या लाल कड्यांत सापडलेली अंडी, रॉय चॅपमन अँड्र्यूज नावाचा हॅटवाला साहेब. वाळवंटात जीवाश्म सापडतात त्यामागे साधं कारण आहे. तिथं झाडोरा नाही, माती नाही, वारा खडक खरवडत राहतो, त्यामुळे आतलं बाहेर दिसतं. आपल्याकडे उलटी तऱ्हा. वर काळी माती, त्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. क्रिटेशियसचा गाळ असलाच तर या सगळ्याच्या खाली दबलेला. पिसदुरा मात्र या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेला आहे. गोधडीची कड उचलली की खालचं अंथरूण दिसतं, तसा तिथं खालचा थर दिसतो.

त्या काळी पिसदुऱ्याला वाळवंट नव्हतं, पण हवा कोरडीच होती. लमेटाच्या जुन्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात. आपल्या रानातही असे खडे निघतात. पाऊस कमी आणि ऊन जास्त असलं की चुना धुऊन जात नाही, जमिनीतच गोठतो. थोडक्यात, एक ओला आणि एक लांबलचक कोरडा हंगाम, उथळ तळी, पावसाळ्यात भरणाऱ्या नद्या. डायनासोर वगळले तर चित्र ओळखीचं वाटतं, नाही का?

साहेब, पाद्री आणि शेत

भारतातली डायनासोरची पहिली हाडं १८२८ साली जबलपूरला सापडली. शोधणारा विल्यम स्लीमन. हो, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच. गंमत बघा, तेव्हा इंग्रजीत 'डायनासोर' हा शब्दच नव्हता, तो १८४२ साली आला. स्लीमनला सापडलेल्या मणक्यांवरून रिचर्ड लायडेकरनं १८७७ साली 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. पुढं ते मणके कुठं गेले ते शंभरेक वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. २०१२ साली त्यातला एक कोलकात्यात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच सापडला. शोधणाऱ्यांमध्ये नागपूरचे धनंजय मोहबे होते. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

पिसदुऱ्याची गोष्ट मात्र स्टीफन हिस्लॉपपासून सुरू होते. हा स्कॉटलंडचा पाद्री १८४५ साली नागपूरला आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. धर्मप्रचार, शाळा, गोंडांच्या कथा लिहून घेणं, हे सगळं करता करता त्याला दगडांचं वेड लागलं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यानं नागपूरच्या आसपासच्या भूगर्भावर १८५५ साली लंडनच्या जर्नलमध्ये लेख लिहिला. १८६० च्या आसपास पिसदुऱ्याची हाडं त्याच्या हाती आली. पुढं १८७९ मध्ये लायडेकरनं पिसदुऱ्याच्याच शेपटीच्या मणक्यांवरून आणखी एका टायटॅनोसॉरसला नाव दिलं.

हिस्लॉपला ते बघायला मिळालं नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये तो टाकळघाटची लोहयुगीन शिळावर्तुळं बघायला गेला होता. परतताना पावसानं फुगलेल्या ओढ्यात बुडून गेला. वय ४५.

त्यानंतर पिसदुऱ्याला अनेकजण येऊन गेले. चार्ल्स मॅटली यानं १९३९ मध्ये खास या शेणाच्या गोळ्यांवर लेख लिहिला, त्यांचे आकारावरून प्रकार पाडले. म्हणजे शेण काही नवीन सापडलेलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत होतं, पेट्यांमध्ये भरून ठेवलेलं होतं. पण लोकांची नजर हाडांवर. हाडाला नाव देता येतं, सांगाडा उभा करता येतो. शेणाचं काय करणार?

सांगाड्याची हौसही पुरी झाली. पिसदुऱ्यापासून जवळच डोंगरगाव आहे. १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी तिथं एका मोठ्या, लांब मानेच्या डायनासोरची हाडं काढली. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं. २००३ मध्ये त्याचं नवं नाव ठरलं: 'इसिसॉरस'. यातलं 'इसि' म्हणजे आयएसआय, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट! आकडेमोडीच्या संस्थेच्या नावाचा डायनासोर, आणि तो आपल्या वरोरा तालुक्याचा.

पिसदुरा गावाचं नावही शास्त्रात गेलंय. इथं सापडलेल्या एका जुन्या सापाचं नाव 'मॅड्टसोया पिसदुरेन्सिस' आणि एका कासवाचं 'जैनेमिस पिसदुरेन्सिस'. कासवाच्या नावात जैनही आहेत आणि गावही.

शेण फोडलं आणि...

आता २००५. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि चंदीगडचे अशोक साहनी या चौघांचा लेख 'सायन्स' या जर्नलमध्ये आला. त्यांनी पिसदुऱ्याच्या शेणातले कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले.

अपेक्षेप्रमाणे ताडवर्गाचे कण होते, सूचिपर्णी आणि इतर झाडांचेही होते. आणि त्यांच्यात गवताचे कण. तेही एका नव्हे, निदान पाच प्रकारच्या गवतांचे.

याचे दोन अर्थ. पहिला: गवत डायनासोरच्या काळात होतं, आणि डायनासोर ते खात होते. ज्यांच्या पोटातून ते गेलं ते बहुधा टायटॅनोसॉरस कुळातले लांब मानेचे डायनासोर, कारण त्यांचीच हाडं त्याच जागी सापडतात. गवत त्यांचं मुख्य खाणं नव्हतं. शेळी चालता चालता बांधावरचं सगळंच थोडं थोडं ओरबाडते ना, तसलं काहीतरी.

दुसरा अर्थ मोठा. एका ठिकाणी एकाच वेळी पाच प्रकारची गवतं असतील, तर गवताचं घराणं तेव्हाच बऱ्यापैकी विस्तारलेलं होतं, त्याची सुरुवात आणखी मागं. तेव्हा भारत म्हणजे समुद्रातलं एक बेट, विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उत्तरेकडे सरकत चाललेलं. गवत या बेटावर आलं कसं? संशोधकांचं म्हणणं, भारत बाकीच्या दक्षिणी खंडांपासून सुटण्याआधीच गवत पसरलेलं असणार. २०११ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. याच शेणातल्या कणांवरून त्यांनी दाखवलं की भाताचं गोत्रही तेव्हा वेगळं झालेलं होतं. तुमच्या ताटातल्या भाताचे फार लांबचे पूर्वज डायनासोरनं चघळलेत.

ज्याला कुणी भाव दिला नाही, त्या वस्तूनं हे सांगितलं. हाडांनी डायनासोर किती मोठा ते सांगितलं. आजूबाजूला काय उगवत होतं ते शेणानं सांगितलं.

आणि आपल्याकडे? काळा पाषाण

मग हे सगळं चंद्रपूरला, आपल्याला काय त्याचं? लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूर सोडून अहमदपूरकडे निघालात तर दोन्हीकडे काळी रानं आणि काळे दगड. ही सगळी लाव्हाची करामत. क्रिटेशियस संपत आला तेव्हा दख्खनवर जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहू लागला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आज उरलेलं या खडकाचं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पिसदुऱ्याच्या तळ्यांवरून, शेणावरून, हाडांवरून तो लाव्हा गेला आणि त्याखाली ते सगळं झाकून राहिलं.

मग आपल्या भागात लाव्हाखाली काय आहे? हे कळलं, पण त्याची किंमत फार मोठी होती.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. इथल्या प्रत्येक घरात त्या पहाटेची काहीतरी आठवण आहे, ती मी सांगायला नको. तोवर दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, भक्कम भूमी असं मानलं जायचं. ते मानणं त्या पहाटे मोडलं. खाली नेमकं काय आहे हे बघायला किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं. आधी ३३८ मीटर बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूट. पाण्यासाठी सातशे-आठशे फूट गेलेली बोअरही तिथं पोचत नाही. मग ८ मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली अब्जावधी वर्षं जुना पायाचा खडक.

तो ८ मीटरचा गाळ म्हणजे लाव्हा यायच्या आधीची जमीन. पिसदुऱ्याचाच थर किल्लारीपर्यंत आलाय असं म्हणणं घाईचं होईल. पण जागा तीच आहे, लाव्हाच्या तळाशी. लातूर जिल्ह्याच्या पोटातही काळ्या पाषाणाआधीचं एक पान आहे, आणि ते आपण भूकंपानंतर उघडलं.

लाव्हाच्या मधल्या सुट्टीत

आता लातूर रोड जंक्शनवरून दक्षिणेकडची गाडी पकडा. उदगीर, बिदर आणि मग विकाराबाद. विकाराबादच्या भागात नसकल नावाचं गाव आहे. एकेकाळी तेही आणि आपण एकाच हैदराबाद संस्थानात होतो. तिथं लाव्हाच्या दोन थरांमध्ये एक गाळाचा थर सापडतो. लाव्हा काही रोज वाहत नव्हता. एक लोट येऊन गेला की मध्ये मोठी सुट्टी पडायची. त्या सुट्टीत माती व्हायची, तळी साचायची, झाडं यायची. मग पुढचा लोट.

नसकलच्या या मधल्या थरात जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांना काही दात सापडले, तेही इवलेसे. असे दात कसे शोधतात? माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, आणि उरलेला चुरा भिंगाखाली एकेक कण करून निवडायचा. आई सुपात डाळ निवडते तसं, फक्त इथं खडे टाकायचे नसतात, खड्यांतच दात असू शकतो. ते दात होते चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे. १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये त्याची बातमी आली: भारतातला क्रिटेशियस काळातला पहिला सस्तन प्राणी. नाव ठेवलं 'डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी'. ओढ्यात बुडून गेलेला पाद्री आता एका चिमुकल्या दख्खनी प्राण्याच्या नावात आहे.

एकीकडे मरत चाललेले प्रचंड डायनासोर, दुसरीकडे लाव्हाच्या दोन लोटांमध्ये जगणारा हा एवढासा जीव. डायनासोर गेल्यावर अशाच छोट्या सस्तनांचे दिवस आले.

आणि मोहबे? १९८० च्या दशकात गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथं त्यांनी लमेटाच्या दगडातून अंडी आणि हाडं काढली. २०१० मध्ये जेफ्री विल्सन आणि इतरांबरोबरच्या लेखातून कळलं, त्या हाडांमध्ये एक साप आहे. डायनासोरच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, साडेतीन मीटरचा साप. दगड एवढी वर्षं तोच होता. त्यात साप आहे हे दिसायला वेळ लागला.

तुमच्या विहिरीचं काय?

म्हणूनच हा एपिसोड. पिसदुऱ्याचे जीवाश्म संग्रहालयाच्या काचेमागं नाहीत, शेतात आहेत. नांगराखाली येतात, बांध घालायला जातात, पिशवीत घालून कुणीतरी घेऊनही जातं. २०२२ साली केंद्र सरकारनं भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. पण मसुदा शेताच्या बांधावर राखण करत नाही. राखण बघणाऱ्याचीच.

आपल्याकडे डायनासोरचं हाड लगेच सापडेल असं मी म्हणत नाही. पण विहीर खणताना, रस्त्यासाठी टेकडी कापताना बघा. दोन काळ्या थरांच्या मध्ये एक तांबडा, गेरूसारखा पट्टा दिसला तर ती लाव्हाच्या दोन लोटांमधली भाजलेली जुनी माती आहे. मध्ये पांढरट-राखाडी, पापुद्र्यांचा गाळ दिसला तर थांबाच. अशा गाळात गोगलगायींचे शंख, पानांचे ठसे, दगड झालेलं लाकूड असू शकतं.

काय करायचं? फोडायचं नाही. उपसून घरी न्यायचं नाही, कारण दगड जागेवरून हलला की निम्मी माहिती गेली. शेजारी नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, किती फुटांवर आणि कोणत्या दोन थरांमध्ये होतं ते लिहून ठेवा. मग जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. नांदेडला आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हा विषय शिकवतात. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. हिस्लॉपकडे वही होती, तुमच्याकडे जीपीएस आहे.

तर मंडळी, आजचं एवढंच. तुमच्या गावात विहीर खणताना काही वेगळा थर लागला असेल, किंवा आजोबा 'इथं असला दगड निघाला होता' असं सांगत असतील, तर व्हॉइस नोट करून पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवू. कुणाचा दगड नुसताच दगड निघाला तरी चालेल. पिसदुऱ्याचं शेणही बरीच वर्षं नुसतंच शेण होतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!